अण्णा विचारतात, कुठल्या पलटणीचा?

'वीर जवानांना भावपूर्ण श्रद्धांजली' एवढ्यावर माझ्या वडिलांचं, अण्णांचं, समाधान कधीच होत नाही. टीव्हीवर, फ्लेक्सवर, भाषणात असं काही आलं की ते लगेच विचारतात, "कुठल्या पलटणीचा? कुठं पडला? कधी?" लहानपणी मला हा चौकसपणा वाटायचा. आता पटतं, की माणसाला मान द्यायचा तर आधी त्याने काय केलं ते माहीत हवं.

अण्णा मराठा लाईट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणीचे. बेळगावला ट्रेनिंग झालं आणि १९७१ च्या डिसेंबरात ते जमालपूरला होते, आजच्या बांगलादेशात. यंदा २६ जानेवारीला मी पुण्याहून सातारा तालुक्यातल्या माहेरी गेले होते. आईने आदल्या रात्रीच अण्णांची ७१ च्या युद्धाची दोन पदकं, 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल', ब्रासो लावून चकचकीत करून ठेवली होती.

गावातल्या शाळेत झेंडा बांधायचं काम अण्णांकडे आहे. प्रजासत्ताक दिनाला तिरंगा खालून वर चढवत नाहीत, तो घडी घालून आधीच काठीच्या टोकाला बांधलेला असतो. घडीत झेंडूच्या पाकळ्या भरायच्या आणि गाठ अशी मारायची की एका हिसक्यात सुटली पाहिजे. अण्णांचे गुडघे आता साथ देत नाहीत, पण राष्ट्रगीत संपेपर्यंत त्यांच्या सावधानमध्ये तसूभर फरक पडला नाही. मी त्यांच्याकडे बघत गात होते. कडव्याच्या शेवटी माझा आवाज फुटेना.

नेहमीची भाषणं झाली. मग मुख्याध्यापकांनी अण्णांना बोलायला सांगितलं. एरवी ते 'नको' म्हणतात, यंदा उठले. जमालपूर ब्रह्मपुत्रेच्या काठावर आहे, तिथे पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण पक्के मोर्चे बांधून बसली होती. नदी ओलांडून, शत्रूच्या पाठीमागे जाऊन जंगी पलटणीने टांगाईल-ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवला. आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याबद्दल चिठ्ठी पाठवली, तर पाकिस्तानी कर्नलने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली. इथे पोरं एकदम गप्प झाली. १० डिसेंबरच्या रात्री शत्रू त्याच रस्त्याने निसटायला निघाला आणि सरळ मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन धडकला. पहाटेपर्यंत गोळीबार चालला. दिवस उजाडला आणि जमालपूर पडलं.

"माझ्या बाजूच्या मोर्चातला माझा जोडीदार त्या रात्री गेला," अण्णा म्हणाले. "पलीकडच्या गावचा. तेवीस वर्षांचा होता." त्याचं पूर्ण नाव, नंबर, गाव त्यांनी सांगितलं. मुलांकडून ते नाव दोनदा मोठ्याने म्हणवून घेतलं. (घरच्यांना न विचारता मी ते इथे लिहीत नाही.)

जिलेबी वाटून झाल्यावर आम्ही त्या जोडीदाराच्या पत्नीकडे, काकूंकडे गेलो. दर वर्षी अण्णा जातात. नवऱ्याची पदकं काकूंनी साडीवर उजव्या बाजूला लावली होती, ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमाला जाऊन नुकत्याच आल्या होत्या. 'वीरपत्नी' म्हणून शाल-श्रीफळ मिळालं होतं. "भावोजी, शाल देत्यात चांगलं हाय," त्या म्हणाल्या, "पण ते कसं गेलं, ह्ये मला तुमच्याशिवाय कुणी सांगितलं न्हाई." अण्णांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. काकूंनी ते आजवर कितीदा ऐकलं असेल, तरी एकेक शब्द लक्ष देऊन ऐकत होत्या. सैनिक गेल्यावर त्याच्या घराला पेन्शनइतकीच गरज असते ती हे सगळं सांगणाऱ्या माणसाची, असं मला तिथे बसून ठामपणे वाटलं.

परतताना माझ्या भाच्याने अपशिंग्याचा विषय काढला. अपशिंगे मिलिटरी आमच्याच जिल्ह्यातलं, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, तिथे इंग्रजांनी उभारलेलं स्मारक आहे. "पण ते तर इंग्रजांसाठी लढले ना? मग २६ जानेवारीला त्यांना का आठवायचं?" प्रश्न रास्त आहे. अण्णा म्हणाले, "राज्य इंग्रजाचं होतं, पोरं आपली होती." माझंही मत तेच. लढाई कुणी लावली याचा हिशेब इतिहासाने करावा, ४६ घरांतल्या रडण्याला परकं म्हणायचा हक्क आपल्याला नाही.

संध्याकाळी मुख्याध्यापक घरी आले होते. आता दर १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला एका सैनिकाची माहिती एक विद्यार्थी उभा राहून सांगणार, असं ठरलंय. यादी अण्णा आणि मी करतोय. त्यात माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे आहेत. १० जुलै १९४४ ला इटलीत सगळी तुकडी पडल्यावर ते एकटे मशीनगनवर धावून गेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले. पण सुरुवात साताऱ्याजवळच्या पोगरवाडीच्या कर्नल संतोष महाडिकांपासून. साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी, ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर, १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना त्यांना वीरमरण आलं. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. सातवीतल्या एका मुलीने हे भाषण मागून घेतलंय. तारखा मी तिला लिहून दिल्या आहेत, आणि 'कुठल्या पलटणीचे' हे पहिल्याच वाक्यात यायला हवं, असं अण्णांनी तिला बजावलंय.