कॅलगरी चालतं, कराड नाही

गेल्या महिन्यात अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली. उजवा हात वर, डाव्या हातात छोटा झेंडा. समारंभ संपताना तिथला अधिकारी हसत म्हणाला, "आता या देशात तुम्ही काहीही होऊ शकता, फक्त राष्ट्राध्यक्ष सोडून." सगळे हसले, मीही हसलो. गाडीपाशी पोचेपर्यंत मात्र डोकं तापलं होतं.

मी आयुष्यात सोसायटीच्या चेअरमनपदालाही उभा राहिलेलो नाही. राग आला तो थोरलीसाठी.

थोरली कराडला जन्मली, दीड वर्षाची असताना इकडे आली. धाकटी न्यू जर्सीतली. तेव्हा आम्ही व्हिसावरच होतो, तरी ती जन्मतःच अमेरिकन. हे 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीमुळे आणि वाँग किम आर्क नावाच्या माणसामुळे. चिनी आईबापांचा हा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला. चीनला जाऊन परतला, तर तू इथला नाहीसच म्हणून त्याला अडवलं. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला आणि 1898 मध्ये जिंकला. मंडळाच्या गणपतीत मी ही गोष्ट सांगायला लागलो की लोक प्रसादाच्या रांगेकडे सटकायचे. 20 जानेवारी 2025 ला या जन्मतः मिळणाऱ्या नागरिकत्वावर ट्रम्प यांचा आदेश आला, त्यात एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांची पुढे जन्मणारी मुलंही वगळलेली, तेव्हा कुठे ऐकू लागले. न्यायालयांनी आदेश अडवला, पण दिवस गेलेल्या पोरींनी त्या काळात काय काढलं ते आम्ही पाहिलंय.

मी शपथ घेतली तशी थोरली आपोआप नागरिक झाली. अठराच्या आतली, ग्रीन कार्डवाली, आमच्यापाशी राहणारी. वेगळी शपथ नाही. पण राष्ट्राध्यक्षाला 35 वर्षं वय आणि 14 वर्षं वास्तव्य यांबरोबर 'जन्मजात' नागरिकत्व लागतं. जन्मजात म्हणजे काय, याची व्याख्या राज्यघटनेत नाही! टेड क्रूझ कॅनडात, कॅलगरीला जन्मले. आई अमेरिकन, म्हणून 2016 च्या उमेदवारीच्या शर्यतीत उतरले. 2008 चे उमेदवार जॉन मॅकेन पनामा कालव्याच्या पट्ट्यात जन्मलेले. उलट हवाईत जन्मलेल्या ओबामांना 2011 मध्ये जन्मदाखला जगाला दाखवावा लागला. बेळगावात वाढलेले आपले श्री ठाणेदार मिशिगनमधून अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून गेले, कारण तिथे सात वर्षांचं नागरिकत्व पुरतं. राष्ट्राध्यक्षपदाचं दार मात्र बंद. युरोपातला कुणी उमराव येऊन सत्तेवर बसेल, या अठराव्या शतकातल्या धास्तीपायी माझी थोरली बाद. तिला 'कराड' धड म्हणताही येत नाही, 'कॅरॅड' म्हणते. धाकटी मात्र पात्र, आणि ती स्वतःची खोलीसुद्धा आवरत नाही.

"आपल्याकडे बघ," मी बायकोला म्हटलं, "राष्ट्रपतीसाठी घटनेचं कलम 58. भारताचा नागरिक हवा, 35 पूर्ण हवीत. कुठे जन्मलास, हे कुणी विचारत नाही." आपल्याकडे जुलै 1987 पासून नुसतं भारतात जन्मून नागरिकत्व मिळत नाही, हे मी तेव्हा बोललो नाही. घरातल्या वादात सगळेच मुद्दे काढायचे नसतात.

रविवारी काकांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनाही हेच ऐकवलं. काका जुने काँग्रेसवाले. 1999 साली पवारसाहेब, संगमा आणि तारिक अन्वर यांनी सोनियाबाईंच्या परदेशी जन्माचा मुद्दा काढला, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि पवारसाहेबांच्या बाजूने पेटलो होतो. काकांच्याच पंगतीत बसून मी त्यांना ऐकवलं होतं, "या मातीत जन्मला नाही, त्याला वरची खुर्ची द्यायची नाही. कायदाच करा." काकू भाताचं पातेलं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या होत्या.

काका सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "काय रं, तुझाच कायदा त्यांनी आधीच करून ठेवलाय की. मग चिडतोस कुणावर?"

मी म्हटलं, तो काळ वेगळा होता, पंतप्रधान वेगळा, राष्ट्राध्यक्ष वेगळा.

"हं," काका म्हणाले. "मग थोरलीला पाठव इकडं. तुझंच कलम 58. चालतंय की."

टेबलावर थोरलीचा भारतीय पासपोर्ट पडला होता. फोटोत ती दीड वर्षाची, कपाळाच्या कडेला काजळाची तीट, रडून लाल झालेली. आता तो परत करायचाय, त्याचा फॉर्म अर्धा भरून शेजारीच ठेवला होता. मी फोन जरा वर धरला, काकांना टेबल दिसू नये इतका.