नागपूरहून काठमांडूला, कुपोषित लेकरांच्या कामासाठी

नेपाळात मुलांची सेवा करायला जायचं म्हटलं की आपल्याकडची बरीच मंडळी आधी अनाथाश्रम शोधतात. आम्ही तिथं जात नाही, आणि कुणी विचारलं तर जाऊ नका असंच सांगतो. तिथली बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाच जिल्ह्यांत आहेत, म्हणजे पर्यटक जातात तिथंच. त्यातल्या कितीतरी मुलांचे आईवडील हयात असतात. शाळेत घालतो, असं सांगून दलाल डोंगरातल्या गावांतून लेकरं आणतात आणि देणगीदारांपुढं अनाथ म्हणून उभी करतात. पंधरा दिवस जीव लावायचा नि निघून जायचं, अशी माणसं त्या मुलांपुढून वर्षभर जात राहतात. हे फार वाईट आहे.

आम्ही जातो ते पोषण पुनर्स्थापना गृहात. नेपाल युथ फाउंडेशननं 1998 मध्ये काठमांडूत असं घर सुरू केलं, पुढं इतर जिल्ह्यांतही झाली. तिथं कुपोषित मुलासोबत आई राहते. काही आठवड्यांत मूल सावरतं, तोवर आई घरच्याच धान्यातून पोषक जेवण करायला शिकते आणि दोघं गावी परततात. आपण आलो काय, गेलो काय, लेकराचं माणूस त्याच्याजवळच असतं.

अशा ठिकाणी निदान तीन महिने आधी लिहा आणि आपल्याला काय येतं ते नेमकं सांगा: नर्सिंग, आहारशास्त्र, हिशेब, शिवणकाम. ‘मुलांची आवड आहे’ एवढ्यावर कुणी घेऊ नये. पासपोर्ट सेवेत 500 रुपये भरून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढून ठेवा. जी संस्था ते न मागता फक्त पैसे मागते, तिचा नाद सोडा. गोवर, कांजिण्या, टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि फ्लूच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी झाल्याशिवाय निघायचं नाही. अशक्त लेकराला आपल्याकडून लागलेला आजार जिवावर बेतू शकतो.

नागपूरहून राप्तीसागर एक्सप्रेस थेट गोरखपूरला जाते, साधारण एक दिवस लागतो. पुढं सोनौली नव्वदेक किलोमीटर. सीमा पायी ओलांडली की भैरहवा, तिथून काठमांडूची बस. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं. आधार कार्डाच्या भरवशावर निघून विमानतळावरून परत फिरणारे बरेच असतात. आधार चालण्याची सवलत फक्त 15 वर्षांखालच्या आणि 65 वर्षांवरच्यांना आहे. भारतीय रुपयाला तिथं आयसी म्हणतात, 100 आयसीचे 160 नेपाळी रुपये. सोबत शंभराच्या नोटा ठेवा. जुलै-ऑगस्ट टाळा. याच वाटेवरच्या नारायणघाट ते मुग्लिन रस्त्यावर दरडी कोसळतात. जुलै 2024 मध्ये सिमलतालजवळ दोन बस त्रिशूलीत वाहून गेल्या. जानेवारीत जाणार असाल तर आपलं नागपुरी स्वेटर पुरत नाही. काठमांडू 1,400 मीटरवर आहे आणि खोल्या गरम करायची सोय बहुधा नसते.

संत्रा बर्फी न्या, पण तिथं काम करणाऱ्या दिदींसाठी. वॉर्डात मुलांच्या हातात द्यायची नाही. अतितीव्र कुपोषणात सुरुवातीचे दिवस एफ-75 हे पातळ दूध थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा देतात. त्यात 100 मिलीमागे 75 कॅलरी असतात. उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं तर रक्तातले क्षार ढासळतात आणि हृदयावर ताण येतो. मूल स्थिरावलं, भूक लागली, की मग एफ-100 हे जास्त कॅलरीचं दूध. पाहुण्यांनी प्रेमानं भरवलेला लाडू इथं घात करतो.

स्वयंसेवकाला पहिल्यांदा मिळतं ते वजनाचं काम, आणि ते वाटतं तेवढं सोपं नाही. चांगली वाढ म्हणजे दिवसाला किलोमागे 10 ग्रॅम. सहा किलोच्या मुलाला 60 ग्रॅम. ओलं लंगोट किंवा लोकरी टोपी एवढ्यात सगळा हिशेब बिघडवते. म्हणून रोज एकाच वेळी, कपडे काढून, खोली उबदार करून वजन घ्यायचं आणि काटा आधी शून्यावर आणायचा. पायांवर सूज असलेल्या मुलाचं वजन आधी उतरतं. सूज ओसरते म्हणून उतरतं, ते चांगलं लक्षण आहे. आईला तसं समजावून सांगा, नाहीतर ती घाबरून घरी निघते. दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली असेल तर अतितीव्र कुपोषण, पण हे माप 6 ते 59 महिन्यांच्या मुलांसाठीच. वय काढताना चूक होते ती इथं: कार्डावर जन्मसाल 2079 दिसतं. ते विक्रम संवतातलं आहे, साधारण 57 वजा केले की आपलं 2022.

दुपारी मुलांच्या आयांसोबत सर्वोत्तम पिठो करायचं, म्हणजे भाजलेल्या धान्य-कडधान्याचं पोषक पीठ. दोन वाटे सोयाबीन किंवा डाळ, एक वाटा मका, एक वाटा गहू. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण सोयाबीनला वेळ जास्त लागतो. सगळं एकत्र टाकलं तर गहू करपतो नि सोयाबीन कच्चं राहतं, मग ते पचत नाही. गार झाल्यावरच दळायचं. गरम पीठ डब्यात भरलं की वाफ धरून खराब होतं. लापशीसारखं शिजवून सहा महिन्यांपुढच्या बाळाला देतात. भाजण्यात आपल्याकडच्या बायांचा हात चांगला बसलेला असतो, पण झारा आईच्याच हातात राहू द्या. गावी गेल्यावर चुलीपुढं तीच असणार आहे.

मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो काढू नका, आईनं हो म्हटलं तरी. पाहुण्याला नाही म्हणणं तिला जड जातं. द्यायचंच असेल तर दिदींना यादी विचारा. खेळण्यांपेक्षा 10 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, झाकणाचे डबे आणि रात्रपाळीचा पगार यांचीच गरज बहुतेक वेळा निघते.