बाबांच्या डिस्कवरच्या जुळ्या फाइल्स

बाबांच्या कॉम्प्युटरमधली डिस्क माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर सहा मोठे फोल्डर होते: 'फोटो', 'फोटो जुने', 'फोटो सगळे', 'बॅकअप', 'बॅकअप नवा' आणि 'नवीन कॉम्प्युटर घेताना'. बाबांचा स्वभाव जपून ठेवण्याचा. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं की ते कॉम्प्युटरवर उतरवायचे, मग खात्री म्हणून आणखी एकदा दुसऱ्या फोल्डरात. कॉम्प्युटर बदलला की जुन्यातलं सगळं नव्यात यायचं, आणि त्याचीही परत एक कॉपी व्हायची. डिजिटल कॅमेरा घरात आला २००४ साली, तेव्हापासून हे असंच चाललेलं.

मला एकच गोष्ट करायची होती. प्रत्येक फोटो एकदाच राहील अशी डिस्क आवरायची आणि मग तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायच्या. सुरुवात हातानेच केली. दोन विंडो शेजारी शेजारी उघडायच्या, नावं ताडून बघायची, सारखी दिसली की एक उडवायची. दोन संध्याकाळी गेल्या आणि एक वर्षही संपलं नाही. शिवाय नावांवर विसंबताच येत नाही. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ पर्यंत जातो आणि पुन्हा ०००१ पासून सुरू होतो, त्यामुळे एकाच नावाचे दोन अगदी वेगळे फोटो निघतात. उलट एकच फोटो तीन नावांनी तीन ठिकाणी बसलेला असतो. एकदा मी नुसत्या नावावरून डिलीटचं बटण दाबणार होते, तेवढ्यात तारीख दिसली म्हणून हात थांबला. त्या क्षणी ठरवलं की हे काम डोळ्यांनी करायचं नाही.

टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत चालणारं एफड्यूप्स नावाचं एक छोटं साधन आहे. एड्रियन लोपेझ यांनी सी भाषेत लिहिलेलं, फुकट, आणि लिनक्स किंवा मॅकवर पॅकेज मॅनेजरमधून मिनिटाभरात बसतं. ते नावाकडे बघतच नाही, बघतं ते फक्त आत काय आहे ते. आणि ज्या क्रमाने बघतं तो क्रम मला फार आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डिस्कवर ६० हजार फाइल्स होत्या. प्रत्येक फाइल दुसऱ्या प्रत्येक फाइलशी ताडायची म्हटलं तर जोड्या होतात सुमारे १८० कोटी. म्हणून एफड्यूप्स आधी फक्त फाइलचा आकार विचारतं. आकार वेगळा असेल तर फाइल्स सारख्या असूच शकत नाहीत, आणि आकार कळायला फाइल उघडावीही लागत नाही. एवढ्यावरच बहुतेक जोड्या बाद होतात. ज्यांचे आकार बाइटपर्यंत जुळतात त्यांचे फक्त पहिले ४०९६ बाइट वाचून त्यांचा एमडी-५ ठसा, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली छोटी खूण, काढला जातो. तोही जुळला तरच पूर्ण फाइलचा ठसा. आणि तोही जुळला तर शेवटी दोन्ही फाइल्स एकेक बाइट करत शेजारी शेजारी वाचल्या जातात.

ही शेवटची पायरी महत्त्वाची आहे. एमडी-५ हा रोनाल्ड रिव्हेस्ट यांचा अल्गोरिदम, १९९२ साली प्रसिद्ध झालेला. कितीही मोठी फाइल द्या, तो १२८ बिटांचा ठसा देतो. २००४ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवून दिलं की मुद्दाम प्रयत्न केला तर दोन वेगळ्या मजकुरांचा ठसा एकच येऊ शकतो. त्यामुळे सुरक्षिततेच्या कामासाठी तो बाद झाला. घरच्या फोटोंमध्ये असं आपोआप घडणं जवळजवळ अशक्य, पण बाबांचे फोटो 'जवळजवळ' या शब्दावर सोडायला माझं मन तयार नव्हतं. बाइट-बाय-बाइट ताडून बघितल्यावर शंकेला जागाच उरत नाही.

पहिल्यांदा मी फक्त आकडा विचारला. कमांडला जोडायची अक्षरं असतात: डॅश आर म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांत शिर, डॅश एम म्हणजे नुसता गोषवारा दे. यात काहीही पुसलं जात नाही. बराच वेळ टक्केवारी सरकत राहिली आणि मग एक ओळ आली: ३८,२०७ डुप्लिकेट फाइल्स, १६,९५० संचांत, सुमारे १३१ गिगाबाइट. निम्म्याहून जास्त डिस्क म्हणजे बाबांची काळजी होती.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण नवीन माणूस इथेच गोंधळतो. यंत्राला सारखं म्हणजे शेवटच्या बिटापर्यंत सारखं. बाबांनी एखादा आडवा फोटो फिरवून पुन्हा सेव्ह केला असेल, तर तुम्हा-आम्हाला तो तोच फोटो, एफड्यूप्सला मात्र वेगळी फाइल. मेसेजिंग अॅपवरून आलेला फोटो वाटेत दाबून लहान केलेला असतो, तोही वेगळाच. असे फोटो हे साधन पकडत नाही, आणि माझ्या मते ते बरंच आहे. 'दिसायला सारखं' हा निर्णय माणसाने घ्यावा. त्यासाठी वेगळी साधनं आहेत, पण ती चालवताना प्रत्येक फोटो समोर उघडून बघायची तयारी हवी.

पुसण्यासाठी डॅश डी. मग ते एकेक संच समोर मांडतं. माझा पहिलाच संच चार ओळींचा होता. एकाच फाइलचे चार पत्ते, प्रत्येकापुढे कंसात १, २, ३, ४, आणि खाली प्रश्न: यातल्या कुठल्या ठेवायच्या? १ दाबलं की बाकीच्या तीन गेल्या. सगळ्याच ठेवायच्या असतील तर तसंही सांगता येतं. हे १६,९५० वेळा करणं कुणालाच जमणार नाही, म्हणून लोक मोठा एन जोडतात. डी आणि मोठा एन एकत्र आले की ते काही विचारत नाही, प्रत्येक संचातली पहिली फाइल ठेवतं आणि बाकीच्या उडवतं. लहान एनचा अर्थ मात्र अगदीच निराळा आहे, रिकाम्या फाइल्स सोडून दे असा. एका शिफ्टच्या बटणाचा फरक आहे, कमांड लिहून झाली की एन्टर दाबायच्या आधी मी तो मोठ्याने वाचते.

ही सवय मला एका चुकीने लावली. काही वर्षांपूर्वी माझ्याच कामाच्या फोल्डरवर मी डी आणि मोठा एन एकत्र चालवलं होतं. त्यात दोन छोट्या वेबसाइट्सचे फोल्डर होते आणि दोन्हींत एकच जावास्क्रिप्ट लायब्ररी होती. बाइट न् बाइट सारखी, म्हणजे एफड्यूप्सच्या दृष्टीने डुप्लिकेट. एकीतली राहिली, दुसरीतली गेली, आणि त्या दुसऱ्या साइटचा मेनू उघडेना. साधनाने त्याचं काम चोख केलं होतं. दोन फाइल्स सारख्या असल्या तरी दोन्ही आपापल्या जागी लागत होत्या. तेव्हापासून प्रोग्रॅमिंगचे प्रकल्प, ॲप्लिकेशनचे फोल्डर, कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटच्या आतल्या लपलेल्या डिरेक्टरी या कशावरही मी हे चालवत नाही. तसंच सिमलिंकच्या, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या लिंकच्या मागे जाणारा डॅश एस आणि डॅश डी कधी एकत्र नाही. नाहीतर लिंक राहते आणि तिने दाखवलेली खरी फाइल जाते. एकाच फोल्डरचं नाव कमांडमध्ये दोनदा द्यायचं नाही, हेही मॅन्युअलमध्येच बजावलेलं आहे.

बाबांच्या डिस्कसाठी मला हवं होतं ते असं: 'फोटो' हा फोल्डर मूळ धरायचा आणि त्यात जे आहे ते बाकी पाचांतून काढायचं. एफड्यूप्समध्ये संचातला पहिला कोण हे बहुधा तारखेवर ठरतं, आणि कॉपी करताना तारखा बदललेल्या असू शकतात. म्हणून या टप्प्याला मी आरडीफाइंड हे असंच दुसरं साधन घेतलं. त्यात कमांडमध्ये जो फोल्डर आधी लिहाल त्यातली फाइल मूळ मानली जाते. आणि त्यात कोरडी चाचणी आहे: काय पुसलं असतं त्याची पूर्ण यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये मिळते, पुसलं काहीच जात नाही. अर्थात हे सगळं मूळ डिस्कवर नाहीच. बाबांची डिस्क एकदा पूर्ण कॉपी करून कपाटात ठेवली होती, खेळ चालला होता तो कॉपीवर.

ती यादी मी वाचत बसले. सलग 'बॅकअप', 'बॅकअप', 'बॅकअप नवा'. आणि मध्येच एका खाली एक २०९ ओळी, सगळ्यांचा पत्ता 'बॅकअप नवा'च्या आतल्या 'निवडलेले' या फोल्डरचा.

हा फोल्डर मला माहीतच नव्हता. उघडला. आईचा खिडकीशी वाचतानाचा फोटो, धाकट्या भावाचा दात पडलेला फोटो, माझा एक, ज्यात मी कॅमेऱ्याकडे बघतसुद्धा नाहीये. बाबांनी हजारो फोटोंतून स्वतः वेचून काढलेले होते हे. भावाला फोन केला, तर तो म्हणाला, "ताई, उडव ना सरळ. प्रत्येक फोटो दुसरीकडे आहेच." त्याचं म्हणणं हिशोबाने बरोबर होतं. फोटो खरंच कुठेच गेले नसते. पण त्यांना कोणी निवडलं होतं, ते गेलं असतं. ती माहिती कुठल्याही फाइलच्या आत नव्हती, फोल्डरच्या नावात होती, आणि ठसा काढताना फोल्डरचं नाव मोजत नाहीत.

यावर तोडगा आहे, आणि तो जुना, पक्का आहे: हार्ड लिंक. डिस्कवर मजकूर एकदाच असतो, त्याला नावं मात्र दोन. दोन्ही नावं सारख्याच हक्काची, एक खरं आणि एक नक्कल असं काही नाही. एक नाव पुसलं तरी दुसऱ्याकडून फोटो उघडतो, आणि शेवटचं नाव जाईपर्यंत मजकूर जागचा हलत नाही. अट एवढीच की दोन्ही नावं एकाच फाइल सिस्टिमवर, म्हणजे डिस्कच्या एकाच फॉरमॅट केलेल्या भागात हवीत, आणि एका नावाने उघडून फाइल जागच्या जागी बदलली तर दुसरीकडेही बदललेलीच दिसणार.

'निवडलेले' मी बाहेर काढून 'फोटो'च्या शेजारी ठेवला. 'फोटो' पहिला लिहून, त्याच्यावर आणि उरलेल्या पाच फोल्डरांवर आरडीफाइंड खरोखर चालवलं. मग 'फोटो' आणि 'निवडलेले' या दोघांवर जेड्यूप्स, मोठा एल लावून. जेड्यूप्स हा एफड्यूप्सपासूनच फुटलेला, जास्त वेगवान प्रकल्प, जोडी ब्रुकॉन यांचा, आणि मोठ्या एलचा अर्थ डुप्लिकेट पुसून तिच्या जागी हार्ड लिंक कर असा. काम काही सेकंदांत झालं.

प्रती करताना मात्र दोनदा अडले. बाहेरची डिस्क एक्सफॅट या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट केलेली होती आणि एक्सफॅटला हार्ड लिंक ठाऊकच नाही, म्हणून ती ईएक्सटी-४ मध्ये नव्याने फॉरमॅट केली. आणि आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाला मोठा एच सांगितला नाही तर ते दोन नावांना दोन वेगळ्या फाइल्स समजून दोनदा कॉपी करतं. हे पहिल्या प्रतीचा आकार जास्त भरला तेव्हा कळलं. ती पुसून पुन्हा केली.

शेवटी 'निवडलेले'मध्ये जाऊन एलएस, डॅश एल, म्हणजे फाइल्सची सविस्तर यादी देणारी कमांड. परवानग्यांच्या पुढे जो छोटा आकडा येतो तो नावांची संख्या. ओळीमागून ओळ २, २, २ येत होतं. फोल्डरात फोटो होते २१२, आणि तीन ओळींवर आकडा होता १.

एक फोटो बाबांनी फिरवून सेव्ह केलेला होता, त्याचा मूळ आडवा फोटो 'फोटो'मध्ये सापडला. उरलेले दोन साऱ्या डिस्कवर आणखी कुठेच नव्हते. त्यातला एक आईचा, खिडकीशी वाचतानाचा. मी तो भावाला पाठवला आणि खाली लिहिलं, हा फक्त 'निवडलेले'मध्येच होता.