दोन वर्षं कागदांवर बसलेला दगड

पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून एक राखाडी दगड मी दोन वर्षं टेबलावर ठेवला होता. परवा पाण्याचा ग्लास कलंडला, दगड भिजला आणि त्यावर मणी दिसू लागले. शर्टाच्या बटणाहून लहान, मधोमध भोक असलेल्या चकत्या. कोरडा असताना यातलं काहीही दिसत नव्हतं!

आधी दगड चुनखडीच आहे याची खात्री केली. चाकूनं सहज ओरखडा उठला (चुनखडीतलं खनिज कॅल्साइट, त्याची कठिणता 3, गारगोटीची 7, तिच्यावर चाकू नुसता घसरतो). पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडताच फसफसला. चुनखडीसारखाच दिसणारा डोलोमाइट असता तर आधी पूड करावी लागली असती.

चकत्या म्हणजे जीवाश्म, क्रिनॉइडच्या देठाचे. हा समुद्रातला तारामाशाचा नातलग. मेला की देठाची माळ तुटते आणि मणी तळाशी विखुरतात. मला भोकापेक्षा चकाकीची खूण जास्त भरवशाची वाटते. प्रत्येक मणी म्हणजे कॅल्साइटचा एकच स्फटिक, त्यामुळे तो सपाट फुटतो आणि उजेडात फिरवला की आरशासारखा लखकन चमकतो. 10 पटीचं भिंग पुरतं.

फसायला मात्र भरपूर वाव आहे. नेच्याचं पान म्हणून मी एक फरशीचा तुकडा कितीतरी दिवस जपला होता. ते मँगनीज ऑक्साइड निघालं, भेगेत झिरपलेल्या पाण्याची नक्षी. पानाला शिरा असतात, हिला नुसत्या फांद्यांना फांद्या. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्राबोनं सांगितलेली गोष्ट वाचल्यावर जरा बरं वाटलं. पिरॅमिडांपाशी दगडांत मसुरीसारखे दाणे दिसत, आणि ती मजुरांच्या जेवणातली उरलेली मसूर दगड झाली, असं लोक सांगत. गिझाच्या त्या चुनखडीत न्यूम्युलाइट खच्चून भरलेत. एकपेशीय जीवांची ती कवचं, काही तर नाण्याएवढी.

आणि हातोडा. मोह आवरला नाही, एक कोपरा उडवला. आतला ताजा पृष्ठभाग करडा, मुका. उलट ऊनपावसानं झिजलेल्या बाजूवर एक ब्रॅकिओपॉड (शिंपल्यासारखा दोन झडपांच्या कवचाचा समुद्री प्राणी) अर्धा वर आला होता. भोवतीचा बारीक चिखल आधी विरघळतो, जाड कवच मागे राहतं. त्याच्या एकाच झडपेचे मधोमध दोन सारखे भाग होत होते, म्हणून ब्रॅकिओपॉड म्हटलं. शिंपल्यात सारखेपणा बहुधा दोन झडपांमध्ये असतो.

दगड आता खिडकीत, शेजारी पाण्याचा फवारा. कागदांवर स्टेपलर ठेवलाय.