सरांची चौकट

'शाळेने मला काय दिलं' यावर लिहा, असं संपादक मंडळाने कळवलंय. संस्कार, शिस्त यांवर बाकीचे लिहितीलच. मी विज्ञानाच्या सरांच्या बांबूच्या चौकटीबद्दल लिहितो.

अमावास्येच्या मोठ्या सुकतीला सर आम्हाला खडपावर न्यायचे. चौकट कातळावर ठेवायची आणि आत कालवं किती, शंख किती, खेकडे किती ते वहीत मांडायचं. आमचा जीव कालवं फोडून खाण्यात. एखाद्या डबक्यात तारामासा दिसला की झोंबाझोंबी व्हायची. सर ओरडायचे, "आधी मोजा, मग हात लावा!" दरवर्षी त्याच कातळावर तेच काय मोजायचं, हे कोणालाच कळत नसे.

आता मी सिॲटलला राहतो. इथे ओहोटीला जांभळे, नारिंगी तारामासे खडकांवर उघडे पडतात. याच राज्याच्या वायव्य टोकाला, मकॉ बेला, रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने १९६३ साली कातळाच्या एका पट्ट्यावरचे तारामासे उचकटून समुद्रात फेकायला सुरुवात केली. शेजारचा पट्टा तसाच ठेवला. खाणारा गेला तशी शिंपल्यांनी (आपल्या शिणाण्यांचे भाऊबंद) सगळी जागा बळकावली आणि १५ जातींच्या ८ उरल्या.

पेनने मुद्दाम केलं ते २०१३ पासून रोगाने केलं. मेक्सिकोपासून अलास्कापर्यंत तारामाशांच्या अंगावर पांढरे चट्टे उठले, भुजा गळून पडल्या, काही दिवसांत लगदा. चोवीसपर्यंत भुजा असणारा सूर्यफूल तारामासा नव्वद टक्क्यांहून जास्त संपला. तो समुद्री साळी (काटेरी गोळ्यांसारखे प्राणी) खायचा; तो गेल्यावर उत्तर कॅलिफोर्नियात साळींनी केल्पची, म्हणजे उंच समुद्री शेवाळाची, जंगलं फस्त केली. त्याच्या रोगामागे एक जिवाणू असल्याचं २०२५ साली कळलं. पाणी तापलं की रोग बळावतो, आणि पाणी तापवणारे आपण. सगळं खापर तापमानावर फोडता येणार नाही, पण आपली सुटकाही नाही.

सुट्टीच्या दिवशी इथे पोरं तारामासा खडकावरून ओढून काढतात, त्याचे नळीसारखे पाय तुटून खडकालाच चिकटून राहतात. मला राग येतोच. पण एवढा मोठा संहार अशा हातांनी झालेला नाही.

किती गेले, हे इथे सांगता आलं, कारण काही कातळांवर रोगाआधीच्या कित्येक वर्षांच्या नोंदी होत्या. काहीही बिघडलेलं नसताना लोक तिथे जाऊन मोजत होते. सर आमच्याकडून तेच करून घेत होते, हे मला इतक्या उशिरा कळलं. आपल्या खडपावर आता सांडपाणी येतं, पर्यटक येतात, पाणीही तापतंय. पण आधी काय होतं ते कशावरून सांगणार?

आमच्या वह्या रद्दीत गेल्या असतील. पण हल्लीच्या विज्ञानाच्या बाईंनी मनावर घेतलं, तर याच वर्षापासून पुन्हा मोजणी सुरू करता येईल. चौकटी, वह्या आणि एका बऱ्या कॅमेऱ्याचा खर्च आमच्या बॅचकडे. कातळ कुठला निवडायचा, ते बाईंनी ठरवावं. फक्त दरवर्षी तोच असावा.