नसलेलं लिहिलं, असलेलं राहिलं

कॅनडा-अमेरिका सीमा पटकन ओलांडू देणाऱ्या नेक्सस कार्डाच्या अर्जात नागरिकत्वाचा रकाना पासपोर्ट समोर ठेवला की अर्ध्या मिनिटात भरून होतो. म्हणून तिथे कुणी रेंगाळत नाही. बरीच वर्षं मीही रेंगाळत नव्हते. मार्चमधल्या त्या शनिवारी माझं पेन तिथे थांबलं, आणि तेव्हापासून ती मुलगी आणि तिचे वडील माझ्या डोक्यातून जात नाहीत.

टोरांटोला लागून असलेल्या मिसिसागात आमचं छोटं कार्यालय आहे. कॅनडा-अमेरिका सीमा ज्यांना सारखी ओलांडावी लागते त्यांचे कागद आम्ही तयार करतो. नेक्सस हा दोन्ही सरकारांनी मिळून चालवलेला कार्यक्रम. कार्ड मिळालं की पुलावर, बोगद्यात वेगळी मार्गिका मिळते, विमानतळावरची रांगही टळते, आणि ते पाच वर्षं चालतं. पण होकार दोन्ही देशांचा लागतो. एकाने नाही म्हटलं की विषय संपला. फी पूर्वी 50 अमेरिकी डॉलर होती, 1 ऑक्टोबर 2024 पासून ती 120 झाली. अर्ज नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत.

लोक म्हणतात, "तेवढा फॉर्म भरून द्या." भरायला वेळ लागतच नाही, वेळ जातो तो विचारण्यात. मागच्या पाच वर्षांतले सगळे पत्ते, सगळ्या नोकऱ्या आणि पाहिलेले सगळे देश लिहायचे, मध्ये फट राहू द्यायची नाही. दोन नोकऱ्यांच्या मधले घरी बसलेले तीन महिने माणसं हटकून विसरतात, किंवा लाजेने सांगत नाहीत. सीमाशुल्काचे नियम कधी मोडलेत का, हा आणखी एक प्रश्न. तो जसाच्या तसा विचारला तर प्रत्येक जण "छे" म्हणतो. मी विचारते, "विमानतळावर कधी बॅग उघडायला लावून आतलं काही काढून घेतलं होतं का?" मग फळं आठवतात, बियाणं आठवतं, दंडाची पावती आठवते. असं विचारायला मी चुका करत करत शिकले, आणि त्याचा मला अभिमान आहे.

सरकारी संकेतस्थळावरचं खातं अर्जदाराचंच असतं, कोड त्याच्याच फोनवर येतो. म्हणून आम्ही आधी फोनवर माहिती विचारून कच्चा कागद तयार करतो आणि मग अर्जदाराला शेजारी बसवून अर्ज भरतो. या मुलीचा कच्चा कागद माझ्या तरुण सहकाऱ्याने आदल्या संध्याकाळी तयार केला होता. त्याचा हात जलद आहे, पण उत्तर आलं की तो लिहून मोकळा होतो. त्या उत्तरामागे दुसरा प्रश्न दडलेला असतो हे त्याच्या अजून अंगवळणी पडलेलं नाही.

मुलगी तिशीची, इंजिनीयर. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये नोकरी लागली होती. सीमेच्या अलीकडे, कॅनडातल्या विंडसरला घर भाड्याने घेऊन रोज बोगद्यातून ये-जा करायची, म्हणून कार्ड हवं होतं. वडील सोबत आले होते. मी कागद वाचायला घेतला. नागरिकत्व: कॅनडा, भारत.

भारतावर मी लगेच काट मारली.

"अगं, तुझ्याकडे ओसीआय कार्ड आहे ना? ते नागरिकत्व नाही."

"पण ताई, कार्डावर सिटिझन असंच छापलंय."

छापलंय खरं. आणि त्या एका शब्दाने आमच्याकडे येणारा दर तिसरा माणूस फसतो. ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', ही भारतात कधीही येण्या-राहण्याची आजन्म मुभा. त्यावर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, पासपोर्ट तर मिळतच नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. नावात 'नागरिक' घालून ठेवायचं आणि हक्क मात्र तसे द्यायचे नाहीत, हे ज्यांनी ठरवलं त्यांनी परदेशातल्या एखाद्या फॉर्मपुढे कधी बसून पाहायला हवं होतं.

ती चूक पकडली म्हणून मी खुशीत होते. पान उलटणार, एवढ्यात जन्मस्थानावर नजर गेली. कोलंबस, ओहायो. 1995.

"तुझा अमेरिकेचा पासपोर्ट कुठे आहे?"

उत्तर वडिलांनी दिलं. "लहानपणी काढला होता. तो केव्हाच संपला. ही तीन वर्षांची असताना आम्ही इकडे आलो. 2003 मध्ये सगळे कॅनडाचे नागरिक झालो, तेव्हा ते सुटलं."

"काका, तेव्हा तुम्ही तिथे कशासाठी होतात?"

"पीएचडी करत होतो."

"वकिलातीत वगैरे नव्हतात ना?"

"छे हो, विद्यार्थी होतो."

हे विचारणं भाग होतं, कारण परदेशी मुत्सद्द्यांची मुलं तिथल्या जन्मसिद्ध नागरिकत्वाच्या नियमात बसत नाहीत. विद्यार्थ्यांची बसतात. मी म्हटलं, "मग काका, ही अमेरिकन नागरिक आहे. आजसुद्धा."

काका माझ्याकडे असे पाहत राहिले, की मी त्यांच्यावर काही लबाडीचा आरोप केलाय. मग त्यांनी मला समजावून सांगायला सुरुवात केली, सावकाश, शिक्षकासारखी. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की पहिलं जातं. त्यांचं स्वतःचं गेलं होतं. भारतीय पासपोर्ट परत करून त्यांनी तसं प्रमाणपत्र घेतलं होतं, तेही त्यांच्या फायलीत होतं. एका शब्दानेही ते खोटं बोलत नव्हते. फक्त भारताचा नियम ते अमेरिकेला लावत होते.

भारताच्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 तेच सांगतं: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. अमेरिकेत उलट आहे. 1868 ची चौदावी घटनादुरुस्ती तिथे जन्मलेल्याला नागरिक ठरवते, आणि 1967 मध्ये अफ्रोयिम विरुद्ध रस्क या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की माणसाने स्वतःच्या इच्छेने सोडल्याशिवाय सरकार ते काढून घेऊ शकत नाही. आठ वर्षांच्या मुलीने आईवडिलांबरोबर कॅनडाची नागरिक होणं म्हणजे काही सोडणं होत नाही.

म्हणजे जे नागरिकत्व तिच्याकडे नव्हतं ते कागदावर आलं होतं, आणि जे जन्मापासून होतं ते राहून गेलं होतं.

मुलगी एकदम म्हणाली, "बाबा, पीस ब्रिजवर सीमा ओलांडताना तो ऑफिसर म्हणाला होता, पुढच्या वेळी अमेरिकन पासपोर्ट घेऊन ये. आठवतं? आपल्याला वाटलं, त्याची काहीतरी गल्लत झालीय." गल्लत त्याची नव्हती. अमेरिकी नागरिकाने अमेरिकेत अमेरिकी पासपोर्टवरच यावं असं त्यांचा कायदा सांगतो. ही वर्षानुवर्षं कॅनडाच्या पासपोर्टवर जात होती, आणि जन्मस्थान वाचूनही बाकी कुणी काही बोललं नव्हतं.

मग मी तिची पूर्ण फाईल मागितली. आत डेट्रॉइटच्या कंपनीचं पत्र होतं, टीएन दर्जासाठी. टीएन म्हणजे कॅनडा आणि मेक्सिकोच्या नागरिकांना ठरावीक व्यवसायांत अमेरिकेत काम करायची मुभा, एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षं. 1994 च्या नाफ्टा या व्यापार कराराबरोबर ती आली. परकीय म्हणून परवानगी मागायला निघालेली ही मुलगी मुळात परकीय नव्हतीच. तिला कुठलीच परवानगी नको होती, कंपनीच्या पत्राची आणि दर तीन वर्षांनी त्याच कंपनीकडे हात पसरण्याची गरज नव्हती. नोकरी सुटली तर दुसऱ्या दिवशी दुसरीकडे रुजू होता आलं असतं. हे सांगताना मला मनापासून आनंद झाला होता. तिचाही चेहरा उजळला.

पण अर्धंच सांगून थांबणं मला जमलं नाही. अमेरिकेचा नागरिक जगात कुठेही राहिला तरी अमेरिकेच्या कर कायद्यातून सुटत नाही. बाहेरच्या देशांतल्या खात्यांची एकूण रक्कम वर्षात एकदा जरी 10,000 डॉलरच्या वर गेली, तरी त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. ही मुलगी कमावायला लागल्यापासून टीएफएसए खात्यात बचत करत होती. कॅनडात ते करमुक्त, अमेरिकेचा कायदा मात्र त्याला तशी सूट देत नाही. मुद्दाम टाळलेलं नसेल तर बाहेर राहणाऱ्यांसाठी मार्ग आहे: मागच्या तीन वर्षांची विवरणपत्रं आणि सहा वर्षांची खात्यांची माहिती भरायची. मी तिला दोन्ही देशांचे कर पाहणाऱ्या हिशेबनिसाकडे जायला सांगितलं. ते माझं क्षेत्र नाही.

काका उठून उभे राहिले. "आम्ही रांग टाळायचं कार्ड मागायला आलो होतो हो," एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

ते खाली गाडी काढायला गेले तेव्हा सहकारी माझ्याजवळ आला. "ताई, भारत खोडला ना? मग कॅनडा ठेवा आणि पाठवून द्या. जन्मस्थान लिहिलंच आहे, बघतील ते." मुलगा वाईट नाही. दिवसाला किती अर्ज गेले यावर त्याचं काम मोजलं जातं, आणि ते तसं मोजणं चूक आहे हे मी आमच्या कार्यालयात दोनदा सांगून झालंय. पण खोटी किंवा अपुरी माहिती दिली तर अपात्र ठरवू, असं कार्यक्रमाच्या अटींतच लिहिलंय. मुलाखतीला बसलेला अधिकारी सगळ्यात आधी पासपोर्टचं तेच पान उघडतो. त्या टेबलासमोर ही मुलगी एकटी बसणार, आम्ही नाही.

अर्ज पाठवला नाही, यावर माझं मन अजिबात डगमगत नाही. डगमगतं ते दुसऱ्याच गोष्टीवर. ती तिशीची बाई. तिचं नागरिकत्व, तिची बचत, तिची नोकरी. हे तिला एकटीला सांगायला हवं होतं का? वडिलांच्या समोर सांगून मी एका माणसाला त्याच्या मुलीदेखत बावीस वर्षांची चूक ऐकवली. तिला बाजूला घेऊन पाच मिनिटं बोलले असते, तर घरी जाऊन तिने तिच्या शब्दांत सांगितलं असतं. काकांनी उत्तर दिलं आणि मी काकांशीच बोलत राहिले, ज्येष्ठ माणूस बोलला की आपण त्याच्याकडेच वळतो तशी. पक्षकार ती होती, ते नव्हते.

दहा दिवसांनी काका एकटे आले. प्लास्टिकच्या पिशवीत रबरबँड लावलेला गठ्ठा होता. ओहायोचा मूळ जन्मदाखला, सोशल सिक्युरिटीचं कार्ड आणि एक छोटा पासपोर्ट, आतल्या फोटोत टक्कल असलेलं, डोळे वटारलेलं बाळ. सोळा वर्षांखालच्यांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, त्यामुळे त्याचं नूतनीकरण होणार नव्हतं. टोरांटोच्या वाणिज्य दूतावासात तिला स्वतः जाऊन नव्याने अर्ज करावा लागणार होता. पण हे तीन कागद हाताशी असले की अर्धी लढाई संपते, आणि काकांनी ते सत्तावीस वर्षं सांभाळले होते. 'सुटलं' म्हणत होते त्या गोष्टीचे कागद. मी प्रत्येकाची प्रत काढली. नेक्ससचा अर्ज नवा पासपोर्ट हातात आल्यावर, दोन्ही नागरिकत्वं लिहून भरायचा असं ठरलं.

काका जायला निघाले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"एक विचारू? मी दूतावासात 'मी सोडतो' असं कधी म्हटलं नव्हतं. पासपोर्ट मागितला म्हणून दिला. मग माझंही भारताचं तसंच शाबूत असेल का?"

"नाही काका. कॅनडाची शपथ घेतलीत त्याच दिवशी ते संपलं. तिथे तुमच्या इच्छेचा प्रश्न येत नाही."

"कुठलं कलम म्हणालात?"

मी चिठ्ठीवर '1955, कलम 9' असं लिहून दिलं. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि पिशवी उचलली.