तुम्ही विचारलंत म्हणून : लांब बसलेल्या माणसाला टीम आपली कशी वाटते?

नव्याने टीम लीड झालेली पोरं-पोरी मला गाठून एक प्रश्न हमखास विचारतात. "तुमच्या टीममधले चौघं पुण्याबाहेरून काम करतात, तरी वर्षानुवर्षं टिकलेत. आपण टीममधलेच आहोत असं त्यांना वाटावं म्हणून तुम्ही नेमकं काय करता?" परवा एका लग्नात मावसभावानेही जेवणाच्या पंगतीत हेच विचारलं. तिथे नीट सांगता आलं नाही, म्हणून आता सविस्तर सांगते.

जे टिकले त्यांच्याआधी जी टिकली नाही तिच्याबद्दल सांगायला हवं. २०२२ सालची गोष्ट. ती लातूरहून टेस्टिंगचं काम करायची. हुशार, नेमकी, न सांगता चार गोष्टी जास्तीच्या तपासणारी. एका शनिवारी रात्री आमचं रिलीज होतं, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती लोकांच्या हाती जाणार होती. घरात सख्ख्या चुलतबहिणीची हळद. ती सोडून ही संध्याकाळी सातपासून आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली. साडेनऊला तिने ग्रुपवर विचारलं, "बिल्ड कधी येतंय?" बिल्ड म्हणजे तिने तपासायची ती तयार आवृत्ती.

रिलीज पुढच्या आठवड्यावर गेलं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर आम्ही पाच जणांनी उभ्या उभ्या ते ठरवलं होतं. पुण्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. तिला कळवायचं राहिलंय हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. टीम माझी होती, तेव्हा चूकही माझीच.

दोन महिन्यांनी तिने राजीनामा दिला. शेवटच्या फोनवर ती जराही चिडलेली नव्हती, तेच मला जास्त लागलं. म्हणाली, "मॅडम, काम आवडायचं मला. पण मी टीममध्ये आहे की टीमचं काम करून देते, ते मला कळेनासं झालं." थांब, असं मी म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार?

याची जास्त खंत वाटते, कारण हेच आम्हाला आधी छान जमत होतं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि सगळेच आपापल्या घरी गेले. टपरी नाही, कॅन्टीन नाही, त्यामुळे जे काही ठरायचं ते सगळ्यांसमोर ठरायचं. मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. आमचा एक सहकारी तेव्हा दापोली तालुक्यातल्या आपल्या वाडीत होता. दोन दिवसांनी त्याचा एवढाच मेसेज आला : "घराचे पत्रे गेले. माणसं ठीक आहेत. लाईट कधी येईल सांगता येत नाही." त्याचं काम आम्ही वाटून घेतलं. टीममधल्या एकीने आपणहून रोज संध्याकाळी त्याला एक मेसेज लिहायला सुरुवात केली. आज काय झालं, काय ठरलं, काय अडलं, दहा-बारा ओळी. रेंज आली की वाचेल म्हणून. वाडीत वीज यायला तीन आठवडे लागले. मधूनच तो गाडीवरून घाटमाथ्यावर जायचा आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून सगळे मेसेज एका दमात वाचायचा. परत कामावर आला तेव्हा त्याला कोणाला काही विचारावं लागलं नाही.

सगळेच लांब होते तेव्हा कोणीच लांब पडलं नव्हतं. अर्धी टीम ऑफिसला परतली आणि उरलेले तुटायला लागले.

म्हणून आमच्याकडे आता एक नियम आहे, आणि त्याबाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही. टपरीवर काहीही ठरू दे, ग्रुपवर लिहिल्याशिवाय ते ठरलेलं नाही. जो लिहितो त्याने काय ठरलं एवढंच लिहून भागत नाही, का ठरलं तेही लिहायचं. आणि लांबच्यांचं 'हो' किंवा 'थांबा' आल्याशिवाय पुढे जायचं नाही. सुरुवातीला लोकांना हा ताप वाटला. पण त्या मुलीच्या हळदीची गोष्ट मी टीमला सांगितली आणि त्यानंतर कोणी कुरकुर केली नाही.

दुसरा नियम मीटिंगचा. पूर्वी सहा जण मीटिंग रूममध्ये आणि दोघं समोरच्या स्क्रीनवर असायचे. एकदा मी मुद्दाम स्क्रीनकडे बघत बसले. रूममध्ये कोणी तरी हळू आवाजात काही बोललं, सगळे हसले. स्क्रीनवरचा आमचा कोल्हापूरचा मुलगा क्षणभराने हसला. त्याला विनोद ऐकूच गेला नव्हता. बाकीचे हसतात म्हणून हसला आणि मग खाली बघायला लागला. ते बघून पोटात तुटलं माझ्या. आता एक जरी माणूस बाहेरून असला तरी सगळ्यांनी आपापल्या जागेवरून, आपापल्या हेडफोनवर बोलायचं. शेजारी-शेजारी बसलेल्यांनीसुद्धा.

अंतराचा हा त्रास घरून काम सुरू झाल्यावर आला असं नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या थॉमस अॅलन यांनी फार पूर्वी इंजिनिअर एकमेकांशी कामाचं किती बोलतात हे मोजलं होतं. १९७७ साली त्यांचं पुस्तक आलं. टेबलांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने घटतं, आणि ५० मीटरच्या पुढे जवळजवळ उरतच नाही, असं त्यांना दिसलं. ५० मीटर म्हणजे हिंजवडीतल्या एखाद्या इमारतीचं हे टोक ते ते टोक. लातूर तर ३०० किलोमीटरहून लांब. तेव्हा बोलणं आपसूक होईल या भरवशावर राहूच नये.

मायक्रोसॉफ्टने २०२० च्या पहिल्या सहामाहीत आपल्या अमेरिकेतल्या ६१ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या कामाचा अभ्यास केला होता. त्यात दिसलं की सगळे घरी गेल्यावर लोक आपल्याच गटात घट्ट झाले आणि दुसऱ्या गटांशी असलेले धागे विरळ झाले. मला हे तंतोतंत पटलं. म्हणून बाहेरून काम करणाऱ्या प्रत्येकाला मी दुसऱ्या टीमबरोबरचं निदान एक काम देते, आणि ते पूर्णपणे त्याच्याच हातात ठेवते. वरिष्ठांपुढे त्याबद्दल बोलायचं तेही त्यानेच, मी नाही. आपल्यावाचून कुठे तरी अडतं, हे माणसाला दिसावं लागतं.

ऑनलाइन तंबोला, प्रश्नमंजूषा, शुक्रवारचे खेळ यांबद्दल विचारता. खेळा की. पण सोमवारी निर्णय परस्पर होत असतील तर शुक्रवारी खेळून काही भरून निघत नाही.

कॅमेऱ्याची सक्ती मी करत नाही. कोणाच्या घरी दोनच खोल्या असतात, मागे आजोबा झोपलेले असतात. त्यापेक्षा दर मंगळवारी मी प्रत्येकाला साधा फोन लावते. पहिली दहा मिनिटं कामाचं काही विचारत नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का, मुलाला कुठल्या शाळेत घातलं, पाऊस किती आहे. या दहा मिनिटांतूनच कळतं की कोकणातल्या मुलाला जुलैत दुपारची मोठी कामं देऊ नयेत, कारण लाईटचा भरवसा नसतो. मग 'लाईट गेली' म्हणताना त्याचा आवाज अपराधी होत नाही.

आमची एक सहकारी लग्नानंतर न्यू जर्सीला गेली आणि तिथूनच काम करते. तिची सकाळची साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात आपली संध्याकाळची सहा. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की आपले सात वाजतात. त्यामुळे एक महिना आम्ही उशिरा थांबतो, एक महिना ती पहाटे उठते. गैरसोय एकाच माणसाच्या गळ्यात कायमची पडू नये, एवढं मी बघते.

आणि भेट. तिला पर्याय मला तरी सापडलेला नाही. नवीन माणसाचे पहिले दोन आठवडे पुण्यात, माझ्या शेजारच्या टेबलावर जातात. पण दरवेळी त्यांनीच का यायचं? म्हणून वर्षातून एकदा आम्ही त्यांच्याकडे जातो. गेल्या मे महिन्यात दापोलीला गेलो. नवे पत्रे घातलेलं ते घर पहिल्यांदा बघितलं. पडवीत पानं मांडलेली, आमरस आणि घावने. त्याची आई वाढायला आली आणि आमच्यातला एक जण "बास, बास काकू" म्हणाला, तशी ती हात थांबवून त्याच्याकडे बघायलाच लागली. "तू तो ना रे, सकाळी सगळ्यांच्या आधी येणारा?" मग एकेकाला बोलायला लावून तिने सातही जणांना ओळखलं. चार वर्षं भिंतीपलीकडून रोज ऐकत होती ती आम्हाला. मला शेवटी वाढलं आणि म्हणाली, "मंगळवारी तुझा फोन यायचा असला की मी मिक्सर लावत नाही."